दाराच्या अस्तरातले भोर

१/ भोर-वेल्हे म्हटले की राजगड, तोरणा आणि रोहिडा डोळ्यांसमोर उभे राहतात. १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत हे तिन्ही गड पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. याच संस्थानाचे नाव जुन्या मोटारीच्या दाराचे अस्तर अभ्यासतानाही भेटते. आजचा धागा त्याविषयी.

२/ आपल्या ओळखीची जुनी मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या सहकार्याने ती कुर्ल्यात घडवली. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

३/ अशा मोटारींच्या दाराचे अस्तर साधे असे: हार्डबोर्डचा पत्रा आणि त्यावर चिकटवलेले रेक्झिन. 'रेक्झिन' हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव. पुढे पीव्हीसीचा लेप दिलेले कापड आले, तरी मराठीत नाव तेच राहिले.

४/ असे कापड बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांपैकी एक होती भोर इंडस्ट्रीज. संस्थान गेले, पण त्याचे नाव कारखानदारीत उरले आणि थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

५/ प्रश्न असा होता: कापड तयार होण्याआधी मधल्या टप्प्यावर जी कच्ची पीव्हीसी फिल्म बनते, तिच्यावर उत्पादन शुल्क लागते का? १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितले की वस्तू केवळ निर्माण होऊन भागत नाही, ती बाजारात विकण्याजोगीही असावी लागते. ही फिल्म तशी ठरली नाही. अबकारी कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात.

६/ आता प्रत्यक्ष दाराकडे. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. म्हणून अस्तरामागे आधी प्लास्टिकचा कागद हवा. तो नसेल तर एका पावसाळ्यात हार्डबोर्ड फुगतो. नंतर अस्तराच्या क्लिपा दाराच्या छिद्रांत बसवायच्या. शेवटी काच पूर्ण वर घेऊन तिचे हँडल शेजारच्या दाराप्रमाणेच वळवून लावायचे. अनेक जुन्या गाड्यांत हँडलामागची गोल चकती दाबली की त्याची पिन दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस हँडल ओढतो आणि मोडतो.

७/ जीर्णोद्धारात जुने अस्तर बहुधा भंगारात जाते. तसे करू नका. नव्या अस्तराचा साचा त्यावरूनच मिळतो. शिवाय कोणते कापड, कोणता गोंद, किती वेळा केलेली दुरुस्ती, हे सारे त्याच्या मागच्या बाजूला टिकून असते.

८/ शिवकाळासाठी आपण मोडी कागद जपतो. विसाव्या शतकाची साधने मात्र निकालपत्रांत आणि गॅरेजच्या कोपऱ्यांत पडून आहेत. साधन म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही, म्हणूनच ती लवकर नष्ट होतात. आपल्या घरी जुनी मोटार असेल तर अस्तर काढण्यापूर्वी निदान दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवा.