उडती पिसू

विमान म्हणजे सरकारचा नाही तर श्रीमंतांचा मामला, ही समजूत आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने मोडीत काढली. १९३३ साली त्याने लाकूड, कापड आणि मोटारसायकलचे इंजिन जोडून एका माणसापुरते विमान उडवले. पुढच्याच वर्षी त्याची सारी कृती पुस्तकात छापली. १९३५ मध्ये त्यातूनच तो इंग्लिश खाडी ओलांडून गेला, आणि इंग्लंडातही हौशी लोकांनी घरोघरी रंधे हाती घेतले. इंग्रजांनी नाव दिले, 'उडती पिसू'.

पण काही पिसवा खाली झेपावल्या त्या वर आल्याच नाहीत. माणसे मेली. नवशिक्यांचा हात कच्चा, असे म्हणणे सोपे होते. १९३६ मध्ये मात्र अख्खे विमान वाऱ्याच्या बोगद्यात तपासले, तेव्हा खोट आराखड्यातच निघाली. पुढचा व मागचा पंख इतके जवळ, की नाक एकदा फार खाली गेले म्हणजे दांडा कितीही ओढा, ते उचलेना! बंदी आली. मिन्येने पुढे आराखडा सुधारला.

मी पडलो मास्तर. त्या मृतांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. छापील अक्षरावर त्यांनी विश्वास टाकला होता. गणिताचा ताळा आधी पाहायचा असतो तो लिहिणाऱ्याने.