मर्त्झ आणि निनिस

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस, अंटार्क्टिकाचा जो किनारी मुलूख पंचम जॉर्जच्या नावाने नकाशात दाखल आहे, तेथे समुद्रात उतरणाऱ्या दोन विशाल हिमनद्यांना मर्त्झ आणि निनिस ही नावे लाभली, ती कोणा आश्रयदात्याच्या थैलीमुळे नव्हेत (ध्रुवप्रदेशात तशी नावे उदंड!), तर अंटार्क्टिक मोहिमेचे नेते डग्लस मॉसन यांच्या दोन दिवंगत सहकाऱ्यांमुळे. ब्रिटिश लेफ्टनंट निनिस १४ डिसेंबर १९१२ रोजी कुत्र्यांच्या गाडीसह, बहुतेक सारा शिधा घेऊन, हिमविवरात गडप झाला. उरलेली कुत्री मारून खात परतताना स्विस मर्त्झ जानेवारीत वाटेतच निवर्तला. आणि एकाकी मॉसन फेब्रुवारीत तळावर पोहोचले, तेव्हा मोहिमेचे जहाज काही तासांपूर्वीच निघून गेले होते, त्यामुळे त्यांना आणखी एक हिवाळा तेथेच कंठावा लागला. भौगोलिक नावांत इतके महाग पडलेले नाव विरळाच.

नकाशातील नाव स्थिर राहिले तरी हिमनदी स्थिर राहत नाही: फेब्रुवारी २०१० मध्ये एका जुन्या महाकाय हिमखंडाची धडक बसून मर्त्झची समुद्रावर तरंगणारी जिव्हा तुटली, आणि सुमारे ७८ किलोमीटर लांबीचा तुकडा सुटून वाहू लागला.