सर्वांसाठी, सदासर्वकाळ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्हँकुव्हर हे शहर पाहायला गेलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी एक यादी पडते. स्टॅनली पार्क, तिथले टोटेम खांब, गॅसटाउनमधले वाफेचे घड्याळ, कॅपिलानो नदीवरचा झुलता पूल, ग्रॅनव्हिल आयलंडची मंडई. अलीकडे आपल्याकडचे पुष्कळ आईवडील लेकी-मुलांकडे उन्हाळ्यात तिकडे जातात, ही यादी पुरी करतात आणि फोटो घेऊन परततात. त्या यादीत खोटे काही नाही. शहर खरोखरच देखणे आहे. पायाशी समुद्र, समोर डोंगर आणि मध्ये शेकडो वर्षांचे देवदार. पण मी पडलो कवितेचा माणूस. जागेपेक्षा तिच्या नावापाशी आधी थांबतो. हे नाव कोणी ठेवले आणि त्याआधी इथे काय नाव होते, एवढे दोन प्रश्न विचारले, की त्या यादीच्या खाली दुसरी एक यादी दिसू लागते. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

सुरुवात स्टॅनली पार्कपासूनच केली पाहिजे. सुमारे हजार एकरांचे हे वन शहराच्या अगदी कुशीत आहे. तीन बाजूंनी पाणी आणि पाण्याच्या कडेने सुमारे नऊ किलोमीटरची दगडी भिंत. भिंतीचे काम १९१७ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. जेम्स कनिंगहॅम नावाच्या गवंड्याने त्यातली तीसहून अधिक वर्षे दिली. आज त्या भिंतीवरून माणसे चालतात, धावतात, सायकली हाकतात.

व्हँकुव्हर शहराची रीतसर स्थापना एप्रिल १८८६ मधली. जूनमध्ये आगीत जवळजवळ सगळे गाव जळाले. पण त्याआधीच, मे महिन्यात, नव्या नगर परिषदेने लष्करासाठी राखलेली ही जमीन उद्यानासाठी मागितली होती. त्यामागे निसर्गाचे प्रेम होते तसा आसपासच्या जमिनींच्या भावाचाही विचार होता, असे इतिहासकार सांगतात. २७ सप्टेंबर १८८८ रोजी उद्यान खुले झाले. पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली स्वतः आले. सर्व वर्णांच्या, सर्व पंथांच्या आणि सर्व रीतिरिवाजांच्या लोकांना सदासर्वकाळ उपभोगता यावे म्हणून या उद्यानाला मी नाव देतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. १९६० मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा उद्यानात आहे. दोन्ही हात पसरून ते जणू साऱ्यांना आत या म्हणत आहेत.

शब्द उदार होते, यात शंका नाही. पण उदार शब्दांची परीक्षा पुढे होते. या शब्दांची परीक्षा त्याच उद्यानात झाली, आणि उद्यानासमोरच्या पाण्यातही झाली.

लॉर्डसाहेब हे बोलले तेव्हा उद्यानात माणसे राहत होती. स्क्वामिश, मस्क्विअम आणि स्लेल-वाटुथ या मूळ रहिवासी समाजांचा तो प्रदेश. पूर्वेच्या काठावर ख्वायख्वाय नावाचे जुने गाव होते. मुखवट्यांची जागा, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी शिंपले खाऊन कवचे टाकली होती आणि त्यांचे मोठमोठे ढीग साचले होते. १८८८ मध्ये उद्यानाचा वळसा रस्ता झाला तेव्हा तेच ढीग खणून कवचे रस्त्यावर पसरली. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या बग्ग्या ज्या पांढऱ्याशुभ्र रस्त्यावरून फिरल्या, तो एका गावाच्या शेकडो वर्षांच्या जेवणावळींचा चुरा होता.

ऑगस्ट जॅक खात्सलानो हे त्या वेळी लहान होते. म्हातारपणी त्यांनी शहराचे अभिलेखपाल मेजर मॅथ्यूज यांना एक आठवण सांगितली. घरातली माणसे जेवत बसली होती आणि रस्त्याची आखणी करणाऱ्यांनी बाहेरून घराचा कोपरा तोडला. रस्ता तिथूनच जायचा होता. शहरातला किट्सिलानो नावाचा किनारा आज पर्यटकांचा लाडका आहे. ते नाव याच ऑगस्ट जॅक यांच्या आजोबांच्या नावावरून पडले. नाव ठेवून घेतले, घर मात्र राहू दिले नाही.

ब्रॉक्टन पॉइंट या टोकाला काही कुटुंबे तरीही टिकून होती. कोणाची आई स्क्वामिश, तर बाप पोर्तुगीज किंवा असाच बाहेरून आलेला. १९२० च्या दशकात त्यांच्यावर अतिक्रमणाचे दावे लागले. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात, तिचा साठ वर्षांचा सलग पुरावा त्यांनी द्यायचा होता. कागद नव्हते, होती ती वयोवृद्धांची तोंडी साक्ष. १९२५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. १९३१ मध्ये घरे जाळण्यात आली. टिम कमिंग्ज यांना हयातीपुरते राहू दिले होते. १९५८ मध्ये ते वारले आणि उद्यानातला शेवटचा रहिवासी संपला.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही. ज्या दशकात ही माणसे कोर्टकचेरीत अडकली होती, त्याच दशकात मूळ रहिवाशांचे एक नमुन्याचे गाव उद्यानात उभारावे, असा विचार शहरातल्या हौशी मंडळींनी चालवला होता. त्यासाठी दूर उत्तरेकडच्या अलर्ट बे इथून टोटेम खांब विकत आणले. हे भव्य कोरीव खांब उत्तरेच्या समाजांचे. व्हँकुव्हरच्या परिसरातल्या लोकांची ती रीतच नव्हती. शिवाय ज्या पॉटलॅच समारंभात असे खांब उभारायचे, त्या समारंभावर १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने बंदी होती. समारंभ केला तर तुरुंग, आणि खांब मात्र शोभेला. १९६२ मध्ये ते ब्रॉक्टन पॉइंटला हलवले, म्हणजे जिथली घरे जाळली त्याच परिसरात. आज ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सर्वाधिक पाहिले जाणारे ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहे. जुने खांब जपणुकीसाठी संग्रहालयांत गेले आणि त्यांच्या जागी प्रतिकृती व नवे खांब आले. त्यातला एक खांब २००९ मधला, रॉबर्ट येल्टन या स्क्वामिश शिल्पकाराचा. तो त्यांनी आपल्या आईच्या, रोझ कोल येल्टन यांच्या स्मरणार्थ कोरला. त्या बाई या उद्यानातल्या शेवटच्या रहिवाशांपैकी होत्या. एवढ्या खांबांत मला तो सर्वांत जवळचा वाटला, कारण तो शोभेसाठी आलेला नाही, आपल्या घरच्या जागी परत आलेला आहे.

याच उद्यानात एक कवयित्री विसावली आहे. पॉलिन जॉन्सन. जन्म १८६१. वडील मोहॉक प्रमुख, आई इंग्रज. तिने तेकाहिओनवाके हे मोहॉक नावही लावले. गावोगाव ती कवितावाचनाचे कार्यक्रम करी. अर्ध्या कार्यक्रमात कातड्याचा मूळनिवासी पोशाख आणि उरलेल्या अर्ध्यात विलायती झगा. टाळ्या दोन्हींना मिळत. खरी कोणती, असे लोक विचारत असतील. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानालाही असा प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो, म्हणून तिच्या समाधीपाशी मी जरा जास्त वेळ थांबलो. खरी दोन्हीही, हेच तिचे उत्तर असणार.

स्क्वामिश प्रमुख जो कॅपिलानो यांच्याकडून ऐकलेल्या कथा तिने लिहून काढल्या आणि १९११ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. काठावरचा पन्नास-साठ फुटांचा सिवॉश रॉक म्हणजे बाळ जन्मण्याआधी स्वतःला निर्मळ करणारा आणि त्यासाठी देवदूतांनाही वाट न देणारा बाप, ही कथा तिच्यामुळे सर्वांना कळली. त्या खडकाच्या नावातला ‘सिवॉश’ हा शब्द मात्र मूळ रहिवाशांना उद्देशून वापरलेली शिवीच आहे. कथा बापाच्या निर्मळपणाची आणि नाव शिवीचे. मार्च १९१३ मध्ये पॉलिन गेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिची रक्षा त्या खडकाजवळ पुरली.

पुढच्याच वर्षी लॉर्ड स्टॅनलींच्या शब्दांची दुसरी परीक्षा झाली आणि ती आपल्या माणसांच्या वाट्याला आली. २३ मे १९१४ रोजी कोमागाटा मारू हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात शिरले. गुरदित सिंग यांनी ते भाड्याने घेतले होते. प्रवासी ३७६, बहुतेक पंजाबचे. त्यात ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. पण १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला होता, की मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून थेट जहाजच नव्हते. नियमात भारताचे नाव कुठे नाही, आणि नेम मात्र भारतीयांवर! आशियाई माणसाजवळ दोनशे डॉलर असले पाहिजेत, अशी आणखी एक अट होती.

दोन महिने जहाज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगरून राहिले. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या भारतीयांनी गुरुद्वारात सभा घेतल्या, भाड्याचे हप्ते भरायला वर्गणी जमवली, खटला लढवला. त्यांच्या समितीतले एक पुढारी हुसेन रहीम. नाव मुसलमानी, पण गृहस्थ पोरबंदरकडचे गुजराती हिंदू, मूळ नाव छगन खैराज वर्मा. तिथल्या वृत्तपत्रांच्या लेखी तर शीख आणि मुसलमानही सरसकट ‘हिंदू’च होते. नावावरून माणूस ओळखण्याची आपल्याला मोठी सवय. तिला या जहाजाने चांगलाच धडा दिला. त्याच पॅसिफिक किनाऱ्यावर, अमेरिकेच्या हद्दीत, गदर चळवळ उभी राहत होती आणि तिच्यात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खटला हरला. पूर्वी तिथे राहून गेलेले वीस-बावीस जण तेवढे उतरू शकले. १९ जुलैला पोलिसांनी भरलेली बोट जहाजाला भिडली, तेव्हा प्रवाशांनी दगडी कोळशाचे तुकडे फेकून ती परतवली. मग रेनबो ही युद्धनौका आणली. लोक किनाऱ्यावर गर्दी करून पाहत होते. त्या दिवसांत ते जहाज हेच शहरातले प्रेक्षणीय स्थळ झाले होते. २३ जुलैला जहाज परत फिरले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे गोळीबार होऊन सुमारे वीस प्रवासी मारले गेले. त्याच्या तीनच दिवस आधी साम्राज्यासाठी लढायला निघालेले पहिले भारतीय सैनिक फ्रान्समध्ये मार्सेय बंदरावर उतरले होते. तिथे उतरायला त्यांना कोणी अडवले नाही.

यादीतली बाकीची स्थळेही अशीच दुपदरी आहेत. गॅसटाउनचे घड्याळ शंभर-दीडशे वर्षांचे वाटते, पण ते १९७७ मधले. ज्या ‘गॅसी जॅक’ नावाच्या गुत्तेवाल्यावरून वस्तीला नाव मिळाले, त्याने बारा वर्षांच्या स्क्वामिश मुलीशी लग्न लावले होते. २०२२ मध्ये निदर्शकांनी त्याचा पुतळा पाडला. ग्रॅनव्हिल आयलंडच्या शेजारी सेनाक्व हे गाव होते. १९१३ मध्ये तिथल्या लोकांना पडावात बसवून हलवले. पुढे कोर्टातून त्या जमिनीचा एक तुकडा स्क्वामिश समाजाला परत मिळाला आणि आज तिथे त्यांचे स्वतःचे उंच मनोरे उभे राहत आहेत.

हे सगळे सांगण्यामागे त्या शहराची निंदा करण्याचा हेतू नाही. उलट, त्याने मान्य करायला सुरुवात केली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. २०१२ मध्ये कोल हार्बरच्या काठावर कोमागाटा मारूचे स्मारक झाले. २०१४ मध्ये नगर परिषदेने, हे शहर तीन मूळ समाजांनी कधीही करार करून न दिलेल्या भूमीवर वसले आहे, असा ठराव केला. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रुडो यांनी संसदेत जहाजाबद्दल माफी मागितली. माफीने मेलेला परत येत नाही आणि मोडलेले घरही उभे राहत नाही. पण मुलांना शाळेत काय शिकवायचे, ते त्याने बदलते. आपल्याकडच्या किती उद्यानांखाली, धरणांखाली कोणाची गावे आहेत, हे विचारण्याचे बळही त्यातून यावे.

कोणी व्हँकुव्हरला जाणार असेल तर एवढे करावे. कोमागाटा मारूच्या स्मारकापासून निघावे आणि पाणी उजव्या हाताला ठेवून काठाकाठाने चालत टोटेम खांबांपर्यंत जावे. तासाभराची रपेट आहे. तिथे येल्टन यांचा खांब शोधावा. तिथवर पोचेपर्यंत ‘सर्वांसाठी’ या शब्दाला काय काय किंमत मोजावी लागते, ते पुस्तक न उघडता कळते.