आपल्यावरून जग ओळखावे : परस्परवर्तनाविषयी धर्मांची शिकवण

‘आपल्यावरून जग ओळखावे’ ही मराठीतील परिचित म्हण. व्यवहारात ती बरेचदा टोमण्यादाखल वापरली जात असली, तरी तिच्यातील विचार जगातील बहुतेक सर्व धर्मांच्या नीतिशिकवणीच्या मुळाशी आढळतो. जे वागणे आपल्याला दुःखदायक वाटते ते दुसऱ्याशी वागू नये आणि जे आपल्याला हवेसे वाटते ते दुसऱ्यालाही मिळावे, या तत्त्वाला पाश्चात्त्य नीतिशास्त्रात ‘सुवर्णनियम’ म्हणतात. गंगेच्या खोऱ्यात, चीनमध्ये, जेरुसलेममध्ये आणि अरबस्तानात निरनिराळ्या काळी या नियमाचा उच्चार झाला. त्याचे सार सर्वत्र एकच असले, तरी त्यातून कोणती कर्तव्ये निघतात आणि ‘दुसरा’ म्हणजे नेमका कोण, या प्रश्नांची उत्तरे धर्माधर्मांत वेगवेगळी आहेत. निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच इमारतीत आणि एकाच कार्यालयात वावरत असताना यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

नियमाची दोन रूपे

सुवर्णनियम दोन प्रकारे मांडलेला आढळतो. पहिला प्रकार निषेधाचा. महाभारताच्या अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला धर्माचे सार सांगतात. स्वतःला जे प्रतिकूल वाटते ते दुसऱ्याच्या बाबतीत करू नये, हा त्या उपदेशाचा आशय आहे. चीनमध्ये कन्फ्यूशियसला त्याचा शिष्य झिगाँग याने विचारले, की जन्मभर आचरता येईल असा एखादा शब्द आहे काय? गुरूने उत्तरादाखल ‘शू’ हा शब्द दिला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, असा त्याचा साधारण अर्थ होतो.

ज्यू परंपरेतील हिलेल या धर्मगुरूची कथा तालमूद ग्रंथात आली आहे. हिलेल इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेला. एका परधर्मीयाने अट घातली, की आपण एका पायावर उभे राहू तेवढ्या वेळात सगळा धर्म शिकवावा. शम्माय या दुसऱ्या गुरूने हातातील मोजपट्टी उगारून त्याला हाकलून दिले. हिलेलने मात्र त्याला शांतपणे हा निषेधाचा नियम सांगितला; बाकी सर्व त्याचे भाष्य आहे, ते जाऊन शिकावे, असेही त्याने सुचवले.

दुसरा प्रकार विधीचा, म्हणजे काय करावे हे सांगणारा. येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, अशी आज्ञा आहे. जे स्वतःसाठी आवडते तेच आपल्या भावासाठी आवडेपर्यंत माणसाची श्रद्धा पूर्ण होत नाही, असे प्रेषित मुहंमद यांचे वचन हदीसमध्ये नोंदलेले आहे. निषेधरूप नियम माणसाला संयम शिकवतो, तर विधिरूप नियम पुढाकार घ्यायला लावतो. मात्र या भेदावरून कोणत्याही धर्माला उणे ठरवणे योग्य नव्हे. कारण बहुतेक परंपरांत संयम आणि पुढाकार या दोन्हींची शिकवण सापडते.

भारतीय परंपरा

वैदिक परंपरेत गृहस्थासाठी पाच महायज्ञ सांगितले आहेत. देव, पितर आणि ऋषी यांच्या जोडीला त्यांत मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ यांचाही समावेश आहे. मनुष्ययज्ञ म्हणजे दारी आलेल्या अतिथीचा सत्कार आणि भूतयज्ञ म्हणजे पशुपक्ष्यांसाठी अन्नाचा वाटा काढणे. घरच्या माणसांनी जेवण्यापूर्वी बाहेरच्याचा विचार करावा, अशी ही व्यवस्था होती. तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहातून घरी परतणाऱ्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात आई, वडील आणि आचार्य यांच्याबरोबरच अतिथीलाही देवासमान मानण्यास सांगितले आहे.

जैन धर्माने हा विचार माणसाच्या पलीकडे सर्व जीवसृष्टीपर्यंत नेला. सर्व प्राण्यांना दुःख अप्रिय आहे, हे आचारांगसूत्रातील विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. गृहस्थाच्या अहिंसाव्रताचा भंग कशाने होतो, याचीही काटेकोर यादी जैन आचार्यांनी दिली आहे. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे ते पाच दोष. शेतातील बैल किंवा घरातील नोकर डोळ्यांसमोर ठेवून ही यादी वाचली, की तिचा व्यवहारी अर्थ लगेच उमगतो. संवत्सरीच्या दिवशी वर्षभरातील चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागण्याची प्रथाही याच विचारातून आली आहे. एकाच वस्तूकडे अनेक अंगांनी पाहता येते, असे सांगणारा अनेकांतवाद हा मतभेदाच्या प्रसंगी वागण्याचा जैन मार्ग म्हणता येईल.

बौद्ध धर्मात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. यांतील मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे. ‘उपेक्षा’ या शब्दाचा येथील अर्थ दुर्लक्ष असा नसून समतोल वृत्ती असा आहे. दीघनिकायातील सिगालोवादसुत्त हे तर गृहस्थांच्या परस्पर कर्तव्यांचे छोटे शास्त्रच आहे. सकाळी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल या तरुणाला बुद्धांनी त्या दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण व ब्राह्मण. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंना कर्तव्ये आहेत. मालकाने सेवकाच्या ताकदीनुसार काम सोपवावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी आणि वेळेवर सुट्टी द्यावी, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे.

शेजारी कोण?

ज्यू धर्मग्रंथातील ‘लेवीय’ या पुस्तकात शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा आहे. त्याच अध्यायात पुढे परक्यावरही तसेच प्रेम करावे असे सांगितले असून त्याचे कारणही दिले आहे. इजिप्तमध्ये तुम्ही स्वतः परके होता, याची आठवण ठेवा, असे तेथे बजावले आहे. स्वतः सोसलेल्या दुःखाची आठवण हा येथे नीतीचा आधार आहे. पीक कापताना शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडाव्यात, असाही नियम आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी देवाविरुद्धचे अपराध धुतले जातात. परंतु माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय धुतला जात नाही, असे मिश्ना हा ग्रंथ स्पष्टपणे सांगतो.

‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला. उत्तरादाखल येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रसिद्ध आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून एक याजक आणि एक लेवी वाट बदलून निघून जातात. ज्यू लोक ज्यांचा तिरस्कार करीत, त्या शोमरोनी समाजातील एक माणूस मात्र थांबतो. तो प्रवाशाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असा उलट प्रश्न येशू विचारतो. मदतीस पात्र कोण, ही चर्चा अशा रीतीने मदत करणारा कोण, या मुद्द्याकडे वळते.

इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्काला मोठे स्थान आहे. कुराणात नात्यातील शेजारी आणि परका शेजारी या दोघांशीही चांगुलपणाने वागण्याचा आदेश आहे. शेजाऱ्याविषयी जिब्रील या देवदूताने इतक्या वेळा बजावले, की तो शेजाऱ्याला वारसाहक्कही देईल असे आपल्याला वाटू लागले, असे प्रेषितांनी म्हटल्याची नोंद हदीसमध्ये आहे.

पंगत आणि वाटा

केवळ उपदेशावर न थांबता धर्मांनी परस्परसाहाय्यासाठी संस्थाही उभ्या केल्या. इस्लाममधील जकात हा त्यांपैकी एक. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती एक चांद्र वर्ष जवळ राहिल्यास तिच्या अडीच टक्के रक्कम देणे बंधनकारक असते. तिचे आठ प्रकारचे लाभार्थी कुराणात सांगितले असून त्यांत गरीब, गरजू, कर्जबाजारी आणि वाटसरू यांचा समावेश आहे. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. घेणाऱ्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरण्याची वेळच येऊ न देणे, ही त्याच्या मते सर्वांत वरची पायरी होय.

शीख धर्मातील लंगर म्हणजे समतेचा रोजचा धडाच आहे. गुरू नानकांपासून चालत आलेल्या या प्रथेत सर्वांनी एकाच पंगतीत बसून तेच अन्न घ्यायचे असते. जातीनुसार पंगती मांडणाऱ्या समाजात हे मोठे धाडस होते. गुरू गोविंदसिंगांच्या काळातील भाई कन्हैया यांची कथाही शीख परंपरेत आदराने सांगितली जाते. आनंदपूरच्या लढाईत ते शत्रूच्या जखमी सैनिकांनाही पाणी पाजत. तक्रार झाल्यावर गुरूंनी त्यांना रागावण्याऐवजी जखमांसाठी मलमही दिले, असे ही कथा सांगते. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये जेथे निधन झाले, त्या नांदेडच्या गुरुद्वारातही लंगरची सेवा चालते. सद्विचार, सदुक्ती आणि सत्कृती ही झरतुष्ट्री धर्माची त्रिसूत्री. त्या धर्माचे अनुयायी असलेल्या पारशी समाजाने मुंबईत रुग्णालये, शाळा आणि धर्मादाय संस्था उभारल्या आणि त्यांतील अनेकांचा लाभ सर्वच समाजांना मिळाला.

महाराष्ट्रातील अनुभव

वारकरी संतांनी भूतदयेचा विचार मराठीतून घरोघरी पोहोचवला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी असलेल्या पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा असे मागणे आहे, हे त्याचे वेगळेपण. काशीहून कावडीने आणलेले गंगाजल एकनाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे.

परंतु याच भूमीत चोखामेळ्याला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता आणि त्याची समाधीही महाद्वाराबाहेर आहे. ते मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. त्याआधी वीस वर्षे, म्हणजे १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता. गाढवाला पाणी पाजणाऱ्याचा गौरव करणारा समाज माणसाला पाणी नाकारत होता. वर्णानुसार वेगवेगळा न्याय सांगणाऱ्या मनुस्मृतीचे दहन त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाड येथे झाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेताना आंबेडकरांनी समता आणि मैत्री यांना धर्माची कसोटी मानले.

महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाचे आणखी एक उत्तर दिले आहे. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली. त्यातील पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी असला, तरी सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एकत्र राहावे, असे त्यांना अभिप्रेत होते. निरनिराळ्या धर्मांनी शेजारी नांदावे, एवढ्यावर न थांबता फुले यांनी त्यांना एकाच छपराखाली आणले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शिकागोचा जाहीरनामा

स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे गाजलेल्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९९३ मध्ये शिकागो येथे पुन्हा परिषद भरली. जर्मनीत अध्यापन करणारे स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांनी तयार केलेल्या मसुद्यावर आधारित ‘जागतिक नीती’चा जाहीरनामा तेथे स्वीकारण्यात आला. प्रत्येक माणसाला माणुसकीने वागवले जावे ही मूलभूत मागणी आणि तिच्या जोडीला सुवर्णनियम, हा त्याचा पाया होता. अहिंसा व जीवनाविषयी आदर, न्याय्य अर्थव्यवस्था, सहिष्णुता व सत्य आणि स्त्री-पुरुषांची समान भागीदारी या चार वचनबद्धता त्यात नमूद झाल्या. २०१८ मध्ये त्यांत पर्यावरणरक्षणाची पाचवी भर पडली.

नियमाच्या मर्यादा

सुवर्णनियमावर आक्षेपही घेतले गेले आहेत. सर्वांच्या आवडीनिवडी सारख्या नसतात, त्यामुळे स्वतःला आवडते ते दुसऱ्यावर लादणे चुकीचे ठरेल, असा टोला बर्नार्ड शॉ यांनी मारला होता. न्यायाधीशाने शिक्षा देऊ नये असा युक्तिवाद या नियमाच्या आधारे गुन्हेगारही करू शकेल, हे जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी दाखवून दिले. अभ्यासकांचे त्यावरील उत्तर असे, की हा नियम आवडीनिवडींची नक्कल करायला सांगत नाही. दुसऱ्याच्या परिस्थितीत आपण असतो तर आपल्याला काय न्याय्य वाटले असते, याचा विचार करायला तो सांगतो.

याहून मोठी अडचण इतिहासात दिसते. शेजाऱ्यावर प्रेम करण्यास सांगणाऱ्या युरोपात व्हेनिससारख्या शहराने १५१६ मध्ये ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडले. अनेक मुस्लिम राजवटींत परधर्मीयांवर जिझिया कर होता. भारतात अस्पृश्यता शतकानुशतके टिकली. अशा प्रत्येक वेळी नियम ग्रंथात होताच. काही माणसांना तेवढे ‘दुसरा’ या शब्दाच्या बाहेर ठेवले गेले होते. ही मर्यादा ओलांडणाऱ्यांना बहुधा आधी स्वधर्मीयांचाच विरोध सोसावा लागला. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम हे त्या संघर्षाचे फलित आहे. तरीही घर भाड्याने देताना, पंगतीला बोलावताना किंवा मुलामुलींची लग्ने ठरवताना हा ‘दुसरा’ कोण, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला आपापल्या उंबरठ्यावर द्यावे लागते. आपल्यावरून जग ओळखताना त्या जगात कोणाकोणाला धरायचे, हे तेथेच ठरत असते.