तळ्याखालची जमीन

फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइटचं दृश्य लावा आणि गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगावच्या बाजूला सरका. जमिनीवर निळे-काळे ठिपके दिसतील. एखादा ठिपका मोठा करून पाहा. त्याची एक कड रेखीव असते, ती मातीची पाळ. पाळीच्या वरच्या अंगाला जंगल किंवा गवताळ माळ, खालच्या अंगाला पायरीपायरीने उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. आणि पाण्यापासून जरा बाजूला, उंचवट्यावर, गाव. दुसरा ठिपका पाहा, तिसरा पाहा. मांडणी बरीचशी तीच.

आता उत्तरेला गोंदिया शहरावर या. रेल्वेचे रूळ, त्यांना चिकटून बाजार, राइस मिल, दाट वस्त्या. कडेला कुडवा, फुलचूर, कटंगी, नागरा या गावांच्या दिशेने सुटलेली घरं, मध्येच शेत, मध्येच आखलेले प्लॉट. इथे वरून पाहून मांडणी ओळखता येत नाही.

घर कुठे, शेत कुठे, पाणी कुठे आणि मोकळं काय ठेवायचं, हे पुढच्या पिढ्यांचा विचार करून ठरवणं म्हणजे जमीन वापराचं नियोजन. हा विषय निघाला की मुंबई-पुण्याची नावं येतात. पण या जिल्ह्यात ते काम सुमारे तीनशे वर्षांपूर्वी झालं होतं, आणि त्याच्या खुणा आजही जमिनीवर आहेत.

जेवढं भिजेल तेवढं तुझं

हा सगळा मुलूख तेव्हा गोंड राजांच्या ताब्यात होता. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत येऊन निघून जाणारा. धानाला नेमकी शेवटच्या टप्प्यात पाण्याची गरज लागते आणि तेव्हाच पाऊस दगा देतो. त्यामुळे तळं हवंच. परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजाने काशीकडे कोहळी लोकांची तलाव बांधण्याची हातोटी पाहिली आणि त्यांना इकडे बोलावलं. हीरशहा या राजाच्या नावावर एक नियम सांगितला जातो: जो तळं बांधेल त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन.

या एका वाक्यात अख्खा आराखडा आहे. जागा चुकली, पाळ कमकुवत झाली, तर जमीन कमी भिजणार आणि बांधणाऱ्याचंच नुकसान होणार. म्हणून तो दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा शोधणार. वरचं जंगल तोडलं तर गाळ येणार, म्हणून ते राखणार. तळ्याखालची भिजणारी जमीन सोन्यासारखी, तिथे कोणी घर बांधणार नाही. घरं कोरड्या, उंच जागेवर. एका तळ्याच्या सांडव्याचं पाणी खालच्या तळ्यात, तिथून पुढच्या बोडीत. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अशाच टेकड्यांमध्ये उभा आहे. तो बांधणारा कोलू पाटील कोहळी पुढे कोलासूर देव म्हणून पुजला गेला. धरण बांधणाऱ्याचा देव होतो तेव्हा गावाला त्या पाण्याचं मोल किती वाटत होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मालगुजार, निस्तार आणि घराची जागा

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा पाटील किंवा वसुलीदार हा 'मालगुजार', म्हणजे गावाचा मालकच ठरला. तळीही त्याची झाली. आज ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत.

मालकी एकाची झाली, तरी वापर एकाचा नव्हता. कोणाची गुरं कुठे चरणार, सरपण कुठून आणायचं, तळ्याचं पाणी कोणाला, वाट कुठून, या गावच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तात लिहून घेतल्या गेल्या. अशा रोजच्या गरजेच्या हक्कांना इथे 'निस्तार' म्हणतात. घरांचाही विचार होता. गावाची राहण्याची जागा म्हणजे आबादी वेगळी राखलेली असे, आणि मध्य प्रांताच्या १९१७ च्या जमीन महसूल कायद्याने गावात शेती करणाऱ्याला, शेतमजुराला आणि कारागिराला त्या आबादीत घरापुरती बिनभाड्याची जागा मिळण्याचा हक्क मान्य केला. मजुराच्या घराची जागा हा आराखड्याचा भाग होता.

हे सगळं गोजिरवाणं होतं असं समजू नका. पाळीवर माती वाहणारे हात एकांचे आणि नाव दुसऱ्याचं, हे इथेही झालं. दलितांची वस्ती गावकुसाबाहेर होती. ढिवर तळ्यात मासे धरायचे, पण तळं त्यांचं नव्हतं. मालगुजाराचा शब्द मोडणं सोपं नव्हतं. त्या व्यवस्थेत न्याय कमी होता. तरीही पाणी, शेत आणि घर यांचा विचार तिथे एकत्र होत होता, आणि पाळ फुटली तर आपलंही पोट जाणार हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मालगुजारी गेली ती योग्यच गेली. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारांचे मालकी हक्क संपले आणि तळी सरकारजमा झाली. पुढे मोठी तळी पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. पण मालगुजाराच्या जागी गाव आलं नाही, खातं आलं. पाळीची डागडुजी, पाटातला गाळ ही कामं अंदाजपत्रकात गेली आणि तिथेच वर्षानुवर्षं थांबू लागली.

रुळांनी वसवलेलं शहर

गोंदिया शहराची गोष्ट वेगळी. ते तळ्याने नाही, रेल्वेने वसवलं. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाइन इथून गेली, ती पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गाचा भाग झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची छोटी लाइन आली आणि गोंदिया जंक्शन झालं. १९०१ मध्ये इथे जेमतेम साडेचार हजार माणसं होती. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,३२,८१३ झाली. तांदूळ, बिडी, तेंदूपत्ता यांच्या व्यापाराने शहर फुगत गेलं, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, घरांची मागणी वाढली.

ही वाढ आखायला कायदा आहे: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यानुसार नगरपरिषद विकास आराखडा करते. राहण्याचा भाग, व्यापाराचा भाग, रस्ते, शाळा-बागांची आरक्षणं. वीस वर्षांच्या आत त्याचा फेरविचार व्हावा अशी तरतूद आहे. मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती घेता येतात.

गंमत म्हणजे त्याच १९६६ साली दुसराही कायदा झाला, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज त्यात जपले गेले. एक कायदा शहराचा उद्या रंगवतो, दुसरा गावाचं काल राखतो. दोन्ही दस्त दोन वेगळ्या कचेऱ्यांत पडून असतात, आणि शहर गावाला जाऊन भिडतं तिथे नेमकी त्यांची भेट होत नाही.

बांधीचा प्लॉट होतो तेव्हा

हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा १,०८९ चौरस फूट. धानाची एक एकर जमीन रस्ते सोडूनही वीसेक घरांना पुरते. धानाच्या भावात ती जमीन राखणं आणि प्लॉटच्या भावात विकणं, यातलं शेतकरी काय निवडेल हे सांगायला नको. त्यात त्याचा दोष नाही. मुलीचं शिक्षण, दवाखाना, कर्ज, सगळं त्या एका एकरावर उभं असतं.

पण बांधी हा पाण्याच्या वाटेवरचा एक टप्पा असते. तिच्यात मुरूम भरला, शेजारून उंच रस्ता गेला, पाट बुजला, की पाणी दुसरी वाट शोधतं. ते खालच्या बांधीत साचतं किंवा आधीच्या वर्षी बांधलेल्या, जोतं ठेंगणं असलेल्या घरात शिरतं. तिथे बहुतेक वेळा सगळ्यात कमी पैशात प्लॉट घेतलेलं कुटुंब राहत असतं. आराखड्यात तळं निळ्या रंगाने दाखवता येतं. सांडव्याचं पाणी ज्या शेतांतून जातं ती मात्र कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात, त्यांना निळा रंग मिळत नाही. आणि नगरपरिषदेची हद्द संपली की त्या आराखड्याचे रंगही संपतात.

वाटा कोणाचा?

महाराष्ट्रातलं आखीव शहराचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. नकाशा उत्तम होता. पण त्यात जमीन देणाऱ्याचं पुढे काय, याचं उत्तर नव्हतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला. त्यानंतर काही वर्षांनी, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व मान्य झालं.

आपल्या तळ्यांचा जुना नियम आणि साडेबारा टक्क्यांचा नवा नियम यांचं सूत्र एक आहे: योजनेतून जे नवं मोल तयार होईल, त्यात जमिनीशी बांधलेल्या माणसाचा वाटा हवा. ज्याच्या शेतातून सांडव्याचं पाणी जातं त्याला शहराने ती वाट मोकळी ठेवायला सांगायचं, आणि शेजाऱ्याने प्लॉट पाडून श्रीमंत व्हायचं, असा आराखडा कागदावरच राहील. वाट राखणाऱ्याला मोबदला किंवा दुसरीकडे बांधकामाचा हक्क द्यायला हवा. भूमिहीन मजुराला १९१७ चा कायदाही आबादीत जागा देत होता, तर आजच्या आराखड्यात त्याची जागा कुठे आहे, हेही विचारायला हवं.

कायद्याचा आधारही आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची, तळ्यांवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं. पण न्यायालय तळं वाचवेल ते तळं आहे हे नोंदीत असेल तरच.

म्हणून पुढच्या वेळी आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा आपला प्लॉट कुठल्या रंगात आला एवढंच पाहून थांबू नका. आपल्या गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागून घ्या. त्यातली तळी, पाट, गुरांच्या वाटा मसुद्यावर शोधा. ज्या सापडणार नाहीत, त्यांची यादी करून मुदतीत लेखी हरकत द्या. पाणी कुठून कुठे जातं हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून ठाऊक आहे. त्यांना सोबत घेऊन एकदा पाळीवरून चालत जा, आणि फोन तेव्हाही हातात असू द्या, फोटो काढायला.