घाटावरची शिदोरी

‘गोवा छत्तीस तासांत घेतला’ हे वाक्य आपल्या सीमाभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. १९ डिसेंबर जवळ आला की आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ते निदान दहा-बारा वेळा कानावर पडते. तासांचा हिशेब थोडा इकडेतिकडे झाला तरी वाक्य खोटे नाही. १७ डिसेंबर १९६१ ची मध्यरात्र उलटली आणि भारतीय फौजा हद्द ओलांडून गेल्या. १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा यांनी वास्कोजवळ शरणागतीच्या कागदावर सही केली. पोरांना तास ठाऊक असतात. पण त्या तासांच्या मागे किती दिवस उभे होते आणि ते दिवस कुठे गेले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. ते दिवस गेले बेळगावात. ते कसे गेले हे कळल्याशिवाय गोव्याचा विजय नीट कळत नाही आणि त्यानंतर दहा महिन्यांनी हिमालयात जे झाले तेही कळत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम भूगोल पाहू. वर देश, खाली कोकण आणि मधे सह्याद्रीची भिंत. या भिंतीत बेळगावच्या बाजूने मोजक्याच वाटा आहेत: खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, जांबोटीकडून चोर्ला, चंदगडाकडून रामघाट, आणि सावंतवाडीला उतरणारा आंबोली घाट. गोव्याकडे जमिनीवरून जायचे तर यांपैकी एखाद्या वाटेनेच उतरावे लागते, आणि उतरण्यापूर्वी माणसे, जनावरे, दारूगोळा आणि दाणागोटा कुठेतरी गोळा करावा लागतो. ती जागा म्हणजे बेळगाव. आजही गोव्याची भाजी आपल्याच मंडईतून घाट उतरते. व्यापाऱ्याला जी वाट सोयीची, तीच सेनापतीलाही सोयीची असते.

हे बहमनी वजीर महमूद गावानाने पुरते ओळखले होते. १४७२ साली त्याने गोवा घेतला. विजयनगरच्या चिथावणीवरून बेळगावच्या अधिपतीने गोवा परत घेण्याची तयारी चालवली, तेव्हा १४७३ मध्ये बहमनी फौजा बेळगावच्या किल्ल्यावर आल्या. खंदक रुंद होता, तट भक्कम होता. पण गावानाने तटाखाली सुरुंग पेरले आणि तट उडवला. दख्खनमध्ये सुरुंगाच्या दारूचा असा वापर तोवर फारसा कोणी पाहिला नव्हता. घाटावरचे बेळगाव शत्रूच्या हाती असेपर्यंत घाटाखालचा गोवा आपला नाही, हा त्या मोहिमेचा अर्थ.

१५१० मध्ये आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकला आणि पुढची साडेचारशे वर्षे घाटाखाली पोर्तुगीज आणि घाटावर कधी आदिलशहा, कधी मोगल, कधी मराठे, कधी इंग्रज असे शेजार जुळले. या शेजाऱ्यांच्या लष्करी तयारीचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. वरचा शेजारी संख्येने नेहमी मोठा असे आणि तरीही गोवा पडत नसे. अली आदिलशहाने १५७० मध्ये प्रचंड सैन्यानिशी गोव्याला वेढा घातला. व्हाइसरॉय लुईस द आताईद याच्याकडे त्या मानाने मूठभर शिबंदी होती. वेढा सुमारे दहा महिने चालला आणि अखेर आदिलशहा तह करून मागे फिरला. कारण जमिनीची वाट त्याने अडवली असली तरी समुद्राची वाट उघडी होती. गोव्याची शिदोरी जहाजातून येत होती.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे आणि ते आपल्या भागाला अधिक जवळचे आहे. १६८३ च्या शरद ऋतूत पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने मराठ्यांच्या फोंडा किल्ल्यावर तोफा लावल्या. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला. छत्रपती संभाजीराजे स्वतः मदतीला आले, व्हाइसरॉयला मागे रेटत नेले आणि नोव्हेंबरअखेर जुवे बेटावर त्याचा असा पराभव केला की तो स्वतः जखमी होऊन जेमतेम निसटला. डिसेंबरात मराठी फौजा साष्टी-बारदेशात शिरल्या. गोवा आता जातो असे सर्वांना वाटत असतानाच बातमी आली, की औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन घाट उतरतो आहे. संभाजीराजांना वेढा आवरता घ्यावा लागला.

शहाआलम आपल्याच मुलखातून गेला. गोकाक, संपगाव या बाजूने येऊन जानेवारी १६८४ मध्ये तो रामघाटाने खाली उतरला. त्याने डिचोली जाळली, आसपासची गावे लुटली. पण घाटाखाली त्या फौजेला पुरेल इतके धान्य नव्हते. सुरतेहून समुद्रमार्गे मागवलेला दाणा वेळेवर आणि पुरेसा पोचला नाही. मागची घाटाची वाट मराठ्यांच्या टोळ्यांनी असुरक्षित करून टाकली होती. उपासमार, मग रोगराई. हत्ती, घोडे, उंट आणि माणसे पटापट मरू लागली. अखेर तीच फौज रडतखडत रामघाट चढून परत गेली. एकही मोठी लढाई न हरता मोगलांची ती मोहीम धुळीला मिळाली. आपल्याकडे ‘सैन्य पोटावर चालते’ असे म्हणतात. त्याचा पुरावा रामघाटाच्या पायथ्याशी पडला आहे.

आता १९६१ कडे येऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारताने हद्द बंद केली, कॅसलरॉकच्या पुढची रेल्वे थांबली, आणि बेळगाव-गोवा हे नात्यागोत्याचे संबंध एका दमात तुटले. लेकीला माहेर बंद झाले, देवाच्या जत्रा बंद झाल्या. गोव्याची मात्र उपासमार झाली नाही. पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडहून बटाटे आले आणि लोखंडाच्या खनिजातून पैसा येत राहिला. समुद्राची वाट उघडी असल्याचा हा पुन्हा एक दाखला! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. पुढे ते कॅसलरॉकला गेले आणि मुक्तीपर्यंत चालू राहिले. हीदेखील एक तयारीच होती. रायफलीची नव्हे, मनांची.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून पोर्तुगिजांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि मच्छिमारांवर गोळ्या झाडल्या, एक मच्छिमार मेला, आणि दिल्लीचा निर्णय झाला. दक्षिण विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे मोहीम सोपवली गेली. मेजर जनरल कॅन्डेथ यांची सतरावी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेतून बेळगावकडे निघाली. इथे वाचकांनी एक तपशील ध्यानात घ्यावा. तेव्हा पुणे-मिरज-बेळगाव हा लोहमार्ग मीटर गेज होता. उत्तरेतून ब्रॉड गेजवर आलेला प्रत्येक रणगाडा, प्रत्येक तोफ, प्रत्येक पेटी पुण्याला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागे. प्रवासी गाड्या रद्द झाल्या, वेळापत्रके कोलमडली. उरलेले सामान पुणे-बंगळूर रस्त्याने आले. माझे वडील तेव्हा निपाणीत हायस्कुलात शिकत होते. तंबाखूच्या वखारींसमोरून रात्र रात्र लष्करी ट्रक जात, त्यांच्या दिव्यांच्या उजेडात वखारींच्या भिंती उजळत आणि कोणी मोठ्याने विचारीत नसले तरी ट्रक कुठे चालले आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते, असे ते सांगत. सीमाप्रश्न त्या वेळीही तापलेला होता. १९५६ पासून बेळगाव म्हैसूर राज्यात, सावंतवाडी महाराष्ट्रात. पण मोहिमेचा एक हात अनमोडकडून, म्हणजे म्हैसूर राज्यातून, आणि दुसरा दोडामार्गाकडून, म्हणजे महाराष्ट्रातून उतरायचा होता. आणि दोन्ही हातांचे खांदे बेळगावात होते.

हल्ल्याची तारीख आधी १४ डिसेंबर ठरली, मग १६, मग १८. राजकीय खलबते चालू होती. या मुदतवाढीचा अर्थ एवढाच की हजारो माणसे घाटावर बसून राहिली आणि त्यांना रोज दोन वेळा जेवायला मिळाले. शहाआलमला जे घाटाखाली जमले नाही ते चौधुरींनी घाटावर करून ठेवले होते. आणि अली आदिलशहाला जे कधीच साधले नाही ते नौदलाने केले. ‘विक्रांत’सह आपली जहाजे गोव्याच्या समुद्रावर उभी होती. गोव्याच्या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या.

उलट बाजूस काय होते? साडेतीन-चार हजार सैनिक, एक जुने युद्धजहाज, काही गस्ती नौका. लढाऊ विमान एकही नाही. अंगोलात बंड पेटल्यामुळे लिस्बनचे लक्ष आणि माणसे आफ्रिकेकडे लागली होती. तरी सालाझारचा हुकूम होता, निदान आठ दिवस लढत राहा, शरण येऊ नका. आठ दिवस लढायला आठ दिवसांचा दारूगोळा लागतो, हे लिस्बनमध्ये बसलेल्याला सांगणार कोण? १८ तारखेच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. आपल्या सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा येथील पूल उडवले, रस्त्यांत सुरुंग पेरले. त्यामुळे अनमोडकडून येणारी मुख्य फौज रेंगाळली, तर दुय्यम कामगिरीवर असलेली सगतसिंगांची ब्रिगेड दोडामार्गाकडून पुढे सरकत १९ च्या सकाळी पणजीत पोचली. याच ब्रिगेडची मराठा पॅरा पलटण फोंड्याला गेली. येसाजी कंकांनी झुंजवलेल्या त्याच फोंड्याला! तिकडे दमणला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण लढली. बेळगावला या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गोवा, दमण आणि दीव मिळून आपले २२ जवान कामी आले. साडेचार हजारांवर पोर्तुगीज कैद झाले आणि १९६२ च्या मेमध्ये मायदेशी परतले. व्हासालु इ सिल्वा यांना त्यांच्या सरकारने सैन्यातून बडतर्फ केले. ज्याने निरर्थक रक्तपात टाळला त्याला शिक्षा, आणि ज्याने शिदोरीविना लढण्याचा हुकूम दिला तो खुर्चीवर!

इथे थांबलो तर हा लेख वक्तृत्व स्पर्धेतले भाषण होईल. पण इतिहास १९ डिसेंबरला थांबला नाही. दिल्लीत या विजयाचा अर्थ असा लावला गेला की आपले सैन्य सज्ज आहे. सज्ज होते, पण कशासाठी आणि कुठे? २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला तेव्हा नामका चू नदीकाठी आपली सातवी ब्रिगेड अंगावर सुती गणवेश, जवळ मोजकी काडतुसे आणि रस्त्यापासून कित्येक दिवसांच्या चालीवर उभी होती. शिदोरी विमानातून टाकली जात होती आणि तिच्यातली बरीच दरीत हरवत होती. महिन्याभरात सारे आटोपले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, सरसेनापती थापर गेले, आणि त्यांच्या जागी बेळगावच्या मोहिमेचे चौधुरी आले. त्या ब्रिगेडचे कैद झालेले प्रमुख जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक आपल्या भागात पुष्कळांनी रवी बेळगेरे यांच्या कन्नड अनुवादातून वाचले आहे. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांचा हा एक लाभ.

तेच राष्ट्र, तेच लष्कर, मध्ये दहा महिने. फरक शौर्यात नव्हता. नामका चूला मेलेला जवान दोडामार्गाहून उतरलेल्या जवानापेक्षा कमी शूर नव्हता. फरक होता बेळगावचा. गोव्याच्या मागे बेळगाव होते: रेल्वे, रस्ते, धावपट्टी, बाजार आणि आपली म्हणणारी माणसे. नामका चूच्या मागे बेळगाव नव्हते. शहाआलमचा रामघाट १६८४ मध्ये जे शिकवून गेला होता ते पावणेतीनशे वर्षांनी पुन्हा शिकावे लागले, आणि या वेळी फी आपण भरली.

निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, खानापूर या तालुक्यांत असे गाव विरळाच, जिथला एखादा मुलगा फौजेत नाही. शेजारी राष्ट्राने अमुक इतके रणगाडे घेतले, आपण तमुक इतकी विमाने घेतली, या बातम्या वाचताना आपल्या छात्या फुगतात किंवा आपण धास्तावतो. संख्या खोटी नसते, पण अपुरी असते. ज्या घरचे माणूस सीमेवर उभे आहे त्या घराने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्याच्या पाठीमागे रस्ता आहे का, अंगावर त्या हवेचे कपडे आहेत का, आणि त्याला तिथे उभे करणाऱ्याने त्याच्या किती दिवसांच्या भाकरीचा हिशेब केला आहे? हा प्रश्न विचारणे म्हणजे सैन्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. १९६२ च्या उन्हाळ्यात तो पुरेशा मोठ्या आवाजात कोणी विचारला असता, तर काही घरांतून पोरे परत आली असती.