वाघनखं, बधना आणि तळाचं नाव

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. घराघरातून काय वाहून गेलं, काय गाडलं गेलं, याची यादी कुणी केली नाही. त्या दिवसांत ते शोभलंही नसतं. पण इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न कधीतरी पडतोच.

संग्रहालयांनाही तो पडतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधल्या रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तिथल्या काही वस्तूंचं स्कॅनिंग आधीच झालेलं होतं, म्हणून निदान त्यांचा आकार हाती राहिला. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी एक प्रणाली तयार केली. नाव ठेवलं ‘जतन’. हैदराबादच्या सालारजंगसारख्या संग्रहालयांतल्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी आज घरबसल्या पाहता येतात.

वस्तूचं त्रिमितीय मॉडेल करायला आता मोठं यंत्र लागतंच असं नाही. वस्तूभोवती फिरत मोबाइलवर शंभर-दीडशे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे. संगणक सारखे बिंदू जुळवतो, कॅमेरा कुठे होता ते काढतो आणि त्यावरून आकार उभा करतो. याला फोटोग्रामेट्री म्हणतात.

आकार उभा राहतो, हे खरं. पण वस्तू म्हणजे आकारच का?

आमच्याकडून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. १६५९ साली तिथे अफजलखान मारला गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा केवढी गर्दी लोटली! ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडची. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे की, याच नखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं. मोगल? खान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. तीच ही वाघनखं, याची खात्री देता येत नाही असं खुद्द संग्रहालय सांगतं. उद्या या नखांचं आणि पेटीचं बिनचूक मॉडेल जगभर गेलं, तर पेटीवरची चूकही तितकीच बिनचूक जाईल. आदिलशाही, मोगल, निजामशाही सगळे एकाच पोत्यात भरायची आपल्याकडची सवय जुनी आहे, आणि त्या पोत्यात नंतर आमचीही नावं घातली जातात. म्हणून मॉडेलच्या शेजारी काय लिहिलंय, ते मी आधी वाचतो.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना सांगितलं, घरातली जुनी वस्तू निवडा. एका मुलीने पितळेचं भांडं निवडलं आणि नोंदीत लिहिलं, ‘तोटीचा तांब्या’. पहिलं मॉडेल फसलं. चकचकीत पितळेवर उजेड दर फोटोत जागा बदलतो, मग संगणकाला बिंदू सापडत नाहीत. उपाय म्हणून मी पावडर लावायला सांगितली. चिंचेने घासून लख्ख केलेल्या भांड्यावर पावडर! दादी तणतणत शाळेत आली.

“सर, तुमी उर्दू शिकवता ना? आनि ह्याला तांब्या लिवू देता? बधना हाय तो. वजूचा.”

मी माफी मागितली. नोंद बदलली. दुसरं मॉडेल चांगलं झालं. दादीने मोबाइलवर बोटाने फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, “बूड कुठाय?”

बूड नव्हतंच. भांडं टेबलावर ठेवून फोटो काढले होते, ते उलटं करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आपल्याकडे नाव कुठे घालतात? पुरानंतर आमच्या गल्लीत चिखलातून निघालेली भांडी बुडावरचं नाव वाचूनच ज्याच्या त्याच्या घरी गेली होती.

पुन्हा पावडर, पुन्हा फोटो, यावेळी बधना पालथा घालून. नाव मुलीच्या पणजीचं निघालं, मराठी अक्षरांत, खाली गावाचं नाव. दादीला वाचता येत नाही. नातीने तिला ते दोनदा वाचून दाखवलं, मग नोंदीत आधी मराठीत लिहिलं आणि खाली उर्दूत.